खवले नसलेल्या तपकिरी मुनिया: नेमक्या कोणत्या?

माळकरी: पुण्याजवळच्या पडीक गवताळ रानात ऑक्टोबरात १५-२० मुनियांचा (चिमणीहून लहान, गवताचं बी खाणाऱ्या पक्ष्यांचा) थवा. पाठ तपकिरी, पोट फिकट, छाती कोरी (प्रौढ ठिपकेवाल्या मुनियेच्या छातीवर असते तशी खवल्यांसारखी नक्षी नाही), चोच काळपट. पांढऱ्या कंठाची मुनिया म्हणावी की लाल मुनियेची मादी?

गवतफुला: छातीवरून ठरवू नका, शेपटी बघा. पांढऱ्या कंठाच्या मुनियेची शेपटी काळी, लांब नि टोकदार असते. थवा उडाला की शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा चमकतो. चोच जाड, राखी-निळसर. चेहरा इतका फिकट की काळा डोळा मण्यासारखा उठून दिसतो. तुमच्या पक्ष्यांची शेपटी तपकिरी असेल आणि मुळाशी पांढरं काहीच नसेल, तर ही ठिपकेवाल्या मुनियेची यंदाची पिल्लं. पावसाळ्यात वीण होते, म्हणून या दिवसांत कोऱ्या छातीचे पक्षी भरपूर दिसतात. थव्यातला एकेक पक्षी नीट बघा: पिसं बदलणाऱ्याच्या छातीवर, बगलेत खवले ठिगळासारखे तुटक दिसतात.

पाणवठा: लाल मुनियेची मादी याहून लहान, जेमतेम १० सेंटिमीटर. पंखांवर बारीक पांढरे ठिपके, शेपटीच्या मुळाशी लाल. हा लाल भाग मिटलेल्या पंखांखाली झाकला जातो, त्यामुळे बसलेल्या पक्ष्यावरून "लाल नाही" असं लिहू नका. तो पिसं साफ करेपर्यंत थांबा. पिल्लांत हे लाल नसतंच, पंखांवर दोन फिकट पट्ट्या असतात. विणीनंतर नरही मादीसारखा दिसतो, तेव्हा "सगळ्या माद्याच" ही नोंद बहुतेक वेळा चुकीची.

रानवाट: एक भर. पाणथळीजवळ किंवा भातखाचरात असाल तर तिरंगी मुनियेची पिल्लंही अशीच कोरी तपकिरी असतात. शेजारी प्रौढ ठिपकेवाली बसली आहे हा पुरावा धरू नका, थवे मिसळतात. अशा वेळी "मुनिया, जात अनिश्चित" लिहिणं प्रामाणिक. सह्याद्रीच्या ओल्या बाजूला पांढऱ्या पाठीची मुनियाही आहे. शेपटीचं मूळ तिचंही पांढरं, पण चेहरा-गळा गडद तपकिरी, त्यामुळे माळावरच्या फिकट, पांढऱ्या कंठाच्या मुनियेशी गल्लत होत नाही.

फोटो काढताना शटरचा वेग १/१६०० सेकंदापेक्षा जलद ठेवून थवा उडतानाच सलग फ्रेम घ्या. बसलेल्या पक्ष्याच्या दहा सुंदर फोटोंपेक्षा शेपटीचं मूळ दाखवणारी एक धूसर फ्रेम ओळखीला जास्त कामाची. फक्त त्यासाठी थव्याला मुद्दाम उठवू नका. मुनिया थोड्या थोड्या वेळाने स्वतःच उठतात.