घरच्या पूलला लिक्विड क्लोरीन की गोळ्या? माझं मत: गोळ्या बंद

पर्वरीकर: (पूल म्हणजे पोहायचा, मांडवीवरचा नव्हे.) तीन वर्षं गोळ्या वापरल्या, आता कानाला खडा. आमचा पूल 50,000 लिटरचा. एप्रिलमध्ये पाणी हिरवं पडलं. क्लोरीन तपासलं तर 3 पीपीएम (दहा लाख भागांत 3), म्हणजे ठीक. मग क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं सायन्युरिक अ‍ॅसिड तपासलं, तर नळीत जरासं पाणी ओतताच तळाचा काळा ठिपका गायब (जितका लवकर, तितकं सायन्युरिक जास्त). 100 पीपीएमच्या वर!

गोळी म्हणजे टीसीसीए, क्लोरीन आणि सायन्युरिक एकत्र बांधलेलं रसायन. क्लोरीन खर्च होऊन जातो, सायन्युरिक मागे साचत राहतं; ते उडत नाही की फिल्टरमध्ये अडकत नाही. फार वाढलं की क्लोरीनला बांधून ठेवतं, मग आकडा चांगला दिसतो आणि शेवाळ खुशाल वाढतं. उपाय एकच, पाणी काढून नवं भरणं. तेही ऐन एप्रिलात, टँकरने! आता संध्याकाळी लिटरभर लिक्विड ओततो. 10 टक्केवालं असेल तर आमच्या पूलला त्यातून 2 पीपीएम मिळतं.

शिवोलीचा भाटकार: तुम्ही घरी असता म्हणून हे जमतं. मी राहतो फोंड्याला, शिवोलीला जातो शनिवार-रविवार. रोज कोण ओतणार? तरंगत्या डब्यात गोळ्या टाकल्या की आठवडा निघतो. शिवाय तुमचं लिक्विड मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवून बघा, बाटलीवर लिहिलेला जोर उरतो का ते. गोळ्या कोरड्या ठेवल्या तर कितीतरी टिकतात.

आणि सायन्युरिकचं भय कसलं? आपल्याकडे गोव्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. माझा पूल 1.4 मीटर खोल. पाणी वाहून वाहून चतुर्थीपर्यंत निम्म्याहून जास्त सायन्युरिक आपोआप गेलेलं असतं. टँकर कशाला?

पर्वरीकर: पावसाचं पटलं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पण हिशेब मांडा. रोजचे 2 पीपीएम गोळ्यांतून दिले तर सायन्युरिक रोज 1.2ने वाढतं. महिन्याला 36. ऑक्टोबर ते मे, पावणेतीनशेच्या वर! पाहुणे येतात ते नाताळात. पाऊस येतो जूनमध्ये.

पंपवाला: माझं कामच हे, म्हणून बोलतो. दोघेही आकडे मोडताय, पाणी कुठलं ते कुणी सांगत नाही. चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरीचं पाणी बऱ्याच ठिकाणी मऊ, अल्कलिनिटी (पीएच सांभाळून धरायची ताकद) कमी. त्यात गोळी आम्लधर्मी, पीएच 3च्या आसपास. पीएच घसरतो आणि कुणाला पत्ता नसतो. स्किमरमध्ये (पूलच्या काठाची कचरा ओढणारी जाळी) गोळी ठेवून पंप बंद केला की तेच आंबट पाणी पाइपात तुंबून राहतं, सील आणि हीटरचं तांबं खातं. लिक्विड ओतताना पीएच चढतो, पण क्लोरीन खर्च झाला की बहुतेक परत जागेवर येतो.

विहिरीत लोखंड असेल तर मात्र क्लोरीन पडताच पाणी चहासारखं होतं. शेवाळ नव्हे ते, घाबरून दुप्पट ओतू नका.

आणि एक, हात जोडून: गोळ्यांच्या डब्यात ब्लिचिंग पावडर कधीही टाकू नका. आग लागते, स्फोटही होतो.

साळगावची आजी: आमच्याकडे लिक्विड कोणीतरी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवलं होतं. नातवाने झाकण उघडलं, वासाने मागे सरला म्हणून वाचलो. शेजारीच फरशीचं अ‍ॅसिड. दोन्ही एकत्र सांडलं असतं तर विषारी वायूच! माझी एक बरी साडीही गेली त्यात. मला गोळ्याच बऱ्या.

पर्वरीकर: आजी, हा मुद्दा मान्य. पण बाटली चुकीची होती, औषध नव्हे. गोळ्यांचा डबाही बंद राहिला की वायू कोंडतो, उघडताना तोंड लांब ठेवा.

शिवोलीचा भाटकार: लिक्विडवाल्यांनी अजून सांगितलं नाही, दुपारी ओतलं तर ऊन किती खातं ते.

पर्वरीकर: म्हणून तर संध्याकाळी ओततो. सायन्युरिक 30-40 असलं की दिवसभर पुरतं. तेवढं सुरुवातीला गोळ्यांनीच होऊ द्या, मग लिक्विड. आठवडाभर गावाला गेलात तर पुन्हा गोळ्या. माझीही तेवढ्यापुरती हरकत नाही.

शिवोलीचा भाटकार: म्हणजे धाग्याचं नाव बदला आधी. आणि तो 35 लिटरचा कॅन गाडीतून उतरवायला शनिवारी माणूस पाठवा.

पर्वरीकर: नाव राहू दे. कॅन मी पाच-पाच लिटरचे आणतो, माझीही कंबर दुखते.