प्लग-इन हायब्रिड घरी फार सावकाश चार्ज होते: दोष गाडीचा की वायरिंगचा?

इंदिरानगरवासी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या प्लग-इन हायब्रिड (इंजिनासोबत प्लगवर चार्ज होणाऱ्या बॅटरीवरही चालणाऱ्या) गाडीची बॅटरी १२ किलोवॅट-तासांची आहे. नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्या सोसायटीच्या तळघरात, आमच्याच मीटरवरून वायर ओढून १६ अँपिअरचा सॉकेट बसवून घेतला आहे आणि गाडीबरोबर मिळालेला पोर्टेबल चार्जर मी त्यालाच लावतो. पूर्वी रात्री दहाला लावलेली गाडी पहाटे पाचच्या आत पूर्ण भरलेली असे. आता अंबड औद्योगिक वसाहतीतल्या पहिल्या पाळीसाठी सकाळी सहाला निघताना ती जेमतेम पाऊण भरलेली असते. विशेष असे की सुरुवातीला पडद्यावर २.२ किलोवॅट दिसतात, पण अर्ध्या-पाऊण तासाने पाहावे तर आकडा १.३ वर आलेला असतो आणि रात्रभर तिथेच राहतो. इशाऱ्याचा कोणताही दिवा लागत नाही. सेवा केंद्रातील चार्जरवर गाडी व्यवस्थित चार्ज झाली, त्यामुळे त्यांनी गाडीत दोष नसल्याचे सांगून ती परत दिली. बॅटरी उतरू लागली आहे, असे समजावे काय?

गोदाकाठ

बॅटरीवर इतक्यात संशय घेऊ नये. आपण दिलेले दोन आकडेच पुष्कळ सांगतात. आपल्याकडील २२०-२३० व्होल्टला २.२ किलोवॅट म्हणजे जवळपास १० अँपिअर आणि १.३ किलोवॅट म्हणजे ६ अँपिअर. आयईसी ६१८५१ या मानकानुसार चार्जर गाडीला एका नियंत्रण-संकेताद्वारे जास्तीत जास्त किती विद्युतप्रवाह घेता येईल हे कळवत असतो आणि त्या संकेतात ६ अँपिअर ही सर्वांत खालची पायरी आहे. बॅटरी पूर्ण भरत आली की प्रवाह हळूहळू ओसरतो, हे खरे. परंतु बॅटरी अर्धीही भरलेली नसताना तो एकदम दहावरून सहावर उतरत असेल, तर कुणीतरी तो मुद्दाम कमी केला आहे असेच म्हणावे लागेल.

हे काम बहुधा चार्जरचेच असावे. अनेक पोर्टेबल चार्जरच्या प्लगमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो. पिना प्रमाणाबाहेर तापल्या की चार्जर प्रवाह कमी करतो आणि त्यानंतरही त्या तापतच राहिल्या तर चार्जिंग बंद करतो. सॉकेटची पकड सैल झाली किंवा टर्मिनलचा स्क्रू ढिला पडला आणि त्या सांध्याचा रोध ०.१ ओहमपर्यंत वाढला, तर १० अँपिअरला तेवढ्याशा जागेत १० वॅट उष्णता निर्माण होते. सॉकेटमधून ती बाहेर पडायला फारशी वाटही नसते. त्यामुळे अर्धा तास सारे सुरळीत चालून मग घसरण व्हावी, हे या दुखण्याचे नेहमीचे लक्षण आहे.

सॉकेट तपासण्यापूर्वी एक गोष्ट मात्र पाहून घ्यावी. काही गाड्यांच्या मेनूमध्ये चार्जिंगचा प्रवाह मर्यादित करण्याची सोय असते आणि ती ठिकाणानुसार लक्षात ठेवली जाते. अर्थात तसे असते तर आकडा पहिल्या मिनिटापासूनच कमी दिसला असता.

कॉलेज रोड

इतकी खटपट करण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा महामार्गावरच्या जलद चार्जिंग केंद्रावर गाडी नेणे सोयीचे होणार नाही का?

गोदाकाठ

बहुतेक प्लग-इन हायब्रिड गाड्यांना डीसी जलद चार्जिंगची सोयच नसते. त्या घरच्यासारख्या एसी विजेवर, गाडीतच बसवलेल्या (एसीचे बॅटरीसाठी डीसी करणाऱ्या) चार्जरच्या मर्यादेतच चार्ज होतात. तो चार्जर ३.७ किलोवॅटचा सिंगल-फेज असेल, तर ११ किलोवॅटची पाटी लावलेल्या थ्री-फेज पॉइंटवरही गाडी एकाच फेजमधून ३.७ किलोवॅट घेणार. शिवाय मे महिन्यात कसारा घाट चढून तापलेली गाडी आल्याबरोबर चार्जिंगला लावली, तर काही वीज बॅटरी थंड करण्यातच खर्च होते, ती वेगळी.

सातपूरचा वायरमन

वरचे निदान मला पटते. मात्र तपासणी मेन स्विच बंद करूनच करावी. चालू चार्जरचा प्लग ओढून काढू नये. प्लग काढल्यावर पिनांवर काळपट डाग, सॉकेटच्या छिद्रांभोवती तपकिरी झाक किंवा जळकट वास आढळला, तर सॉकेट बदलावा. तो घासूनपुसून वापरात ठेवणे धोक्याचे आहे. मागच्या बाजूला फेजच्या वायरीचे इन्सुलेशन कडक झाले असेल, तर तेवढा तुकडा कापून ताजे तांबे टर्मिनलमध्ये घालावे. इस्त्रीसाठी बसवलेला सॉकेट इस्त्रीला वर्षानुवर्षे पुरतो, कारण इस्त्री सारखी चालू-बंद होत असते. गाडी मात्र रात्रभर अखंड १० अँपिअर ओढते. स्वस्तातला सॉकेट तिथेच उघडा पडतो.

गाडी चार्ज होत असताना सॉकेटवर किती व्होल्ट मिळतात, तेही मोजून घ्या. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर किलोमीटरला साधारण ८ ओहम रोध देते. मीटरपासून पार्किंग ४५ मीटर असेल, तर जाऊन-येऊन ९० मीटरचा रोध सुमारे ०.७ ओहम होतो आणि १० अँपिअरला वाटेत सातेक व्होल्ट पडतात, म्हणजे कमी होतात. एवढे चालते. वीस-पंचवीस व्होल्ट पडत असतील, तर मध्ये कुठेतरी सांधा खराब आहे. प्लग कापून दुसरा बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नका. तापमानाचा सेन्सर त्या प्लगमध्येच असतो. एक्स्टेन्शन बोर्डही वापरू नका.

इंदिरानगरवासी

आपणा सर्वांचे आभार. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेट उघडला. फेजच्या टर्मिनलचा स्क्रू बोटानेही फिरत होता आणि वायरीचे टोक काळे पडले होते. गाडी लावलेली नसताना सॉकेटवर २३१ व्होल्ट होते, १० अँपिअरला २१९. टोक कापून चांगल्या प्रतीचा नवा सॉकेट बसवल्यावर त्याच भाराला २२३ व्होल्ट मिळू लागले आणि आता आकडा रात्रभर २.२ वरच राहतो. आता एकच विचारायचे आहे. गाडीतला चार्जर ३.७ किलोवॅटचा आहे, तर भिंतीवरचा १६ अँपिअरचा चार्जर याच वायरीवर बसवता येईल काय?

सातपूरचा वायरमन

१६ अँपिअरला याच वायरीवर साडेअकरा व्होल्ट पडतील आणि ती तासन्‌तास गरम राहील. तळघरातल्या पाइपमध्ये ती इतर वायरींसोबत असेल, तर मी तसे करणार नाही. ४ चौरस मिलिमीटरची नवी वायर, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि अर्थिंगची मोजणी, एवढे करून घ्यावे. त्याआधी वीजबिलावरचा मंजूर भार पाहा. घरातला गीझर आणि एसी धरून त्यात साडेतीन किलोवॅट बसत नसतील, तर भारवाढीचा अर्ज आधी करावा लागेल. आपली गाडी रात्रभर उभीच असते आणि पाचच्या आत भरते, त्यामुळे हा खर्च मला आज तरी निकडीचा वाटत नाही.