स्कॅनरची फ्रिक्वेन्सी-यादी वाचायची कशी? आकडे भरले, तरी शुकशुकाट

एडिसनकर (मूळ प्रश्न)

न्यू जर्सी. रेडिओ स्कॅनर (पोलीस, रेल्वे, विमानं यांची बोलणी ऐकण्याचा सेट) हातात धरायचा, अॅनालॉग, युनिडेन बीसी१२५एटी. जवळ दोन याद्या आहेत: जुन्या बाजारात मिळालेली २००४ची छापील मार्गदर्शिका आणि रेडिओरेफरन्स या वेबसाइटच्या डेटाबेसमधलं आमच्या काउंटीचं पान. दोन्हींतून मिळून चाळीसेक फ्रिक्वेन्सी भरल्या आहेत.

१६२.५५० वरचं हवामान खणखणीत येतं. नेवार्क विमानतळाचा टॉवर ११८.३०० वर अधूनमधून, तोही फक्त वैमानिकांचा आवाज. बाकी सगळीकडे शुकशुकाट.

अडलंय ते असं. छापील यादीतले ८६६च्या घरातले आकडे स्कॅनर घेतच नाही. ऑनलाइन यादीत "१५६.७ पीएल", "आरएम", "एफएमएन" अशी अक्षरं आहेत, ती कुठे भरायची? काही नोंदींना फ्रिक्वेन्सीच नाही, नुसते "डीईसी" आणि "हेक्स" आकडे. आणि रेल्वेसाठी छापील यादीत फक्त "चॅनल ५४-५४" लिहिलंय. अँटेना डब्यातलीच, रबराची.

---

खरखर

हवामान खणखणीत येतंय म्हणजे स्कॅनर, अँटेना, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारं बटण) तिन्ही ठीक आहेत. घोळ यादी वाचण्यात आहे. जवळजवळ सगळेच नवखे यादीतला फ्रिक्वेन्सीचा रकाना उचलतात आणि बाकीचे सोडून देतात. उलट करा. आधी मोड (आवाज कुठल्या पद्धतीने पाठवतात ते) बघा, मग प्रकार, मग टोन, आणि फ्रिक्वेन्सी सगळ्यात शेवटी. मोड जमत नसेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका.

मोड: "एफएम", "एफएमएन", "एएम" या तीनच नोंदी तुमच्या कामाच्या. "पी२५", "डीएमआर", "एनएक्सडीएन" हे डिजिटल. त्या फ्रिक्वेन्सी अॅनालॉग स्कॅनरवर भरता येतील, पण ऐकू येईल ते मोटारबोटीसारखं घरघरणं. त्यात सेटिंगची चूक शोधत बसू नका, त्या सरळ खोडा.

"एफएमएन" म्हणजे नॅरो. १ जानेवारी २०१३पासून १५०–१७४ आणि ४२१–४७० मेगाहर्ट्झमधल्या परवानाधारकांना २५ किलोहर्ट्झऐवजी १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनलमध्ये यावं लागलं. तुमच्या २००४च्या यादीतली या पट्ट्यांतली "एफएम" नोंद आज जिवंत असलीच तर नॅरो आहे असं धरा. नॅरो सिग्नल वाइडवर ऐकला तर आवाज बंद होत नाही, बारीक होतो, आणि लोक व्हॉल्यूम वाढवत बसतात. वाइड सिग्नल नॅरोवर घेतला तर मोठ्या आवाजाला फाटतो. चॅनल प्रोग्राम करताना मॉड्युलेशन "ऑटो"वर न ठेवता "एनएफएम" स्वतः निवडा.

प्रकार: "आरएम" म्हणजे रिपीटर (एका फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे इनपुटवर, ऐकून तेच दुसरीवर, म्हणजे आउटपुटवर, पुन्हा पाठवणारं केंद्र), "बीएम" म्हणजे बेस आणि गाड्या एकाच फ्रिक्वेन्सीवर, "एम" म्हणजे नुसते फिरते सेट. रिपीटरला दोन फ्रिक्वेन्सी असतात आणि यादीत बहुतेकदा आउटपुट दिलेली असते, तीच भरायची. ४५०–४७०च्या पट्ट्यात इनपुट ५ मेगाहर्ट्झ वर असते, ८०० मध्ये ४५ खाली, ७०० मध्ये ३० वर. इनपुट भरली तर रस्त्यावरून जाणारी गाडी क्षणभर ऐकू येईल, पुन्हा सामसूम. छापील याद्यांत इनपुट-आउटपुटची उलटापालट बरीच सापडते. ४५८ किंवा ४५९ने सुरू होणारा आकडा दिसला की ५ वजा करून तोही भरून बघा.

टोन: पीएल म्हणजे सीटीसीएसएस, ६७.० ते २५४.१ हर्ट्झचा बारीक गुणगुणता स्वर, बोलण्याखाली सतत चालणारा. "डीपीएल" म्हणजे त्याचाच डिजिटल भाऊ, डीसीएस. "सीएसक्यू" म्हणजे टोन नाही. टोन भरला की स्कॅनर तो स्वर असेल तरच तोंड उघडतो, म्हणून चुकीचा टोन भरणं आणि चॅनल बंद करून टाकणं सारखंच. पहिले दोन-तीन दिवस टोन अजिबात भरू नका. आवाज आला की सीटीसीएसएस/डीसीएसमध्ये "सर्च" ठेवा, स्कॅनर खरा टोन पडद्यावर दाखवतो. तो यादीशी जुळला तर पक्का करा. नाही जुळला तर यादी जुनी आहे, किंवा तुम्ही भलत्याच गावाचं ऐकताय.

एक ओळ उलगडून दाखवतो. व्हीकॉल१० हे देशभर चालणारं, वेगवेगळ्या यंत्रणांनी एकमेकांना हाक मारण्याचं चॅनल:

१५५.७५२५ | एम | १५६.७ पीएल | व्हीकॉल१० | एफएमएन

मोड नॅरो अॅनालॉग, म्हणजे तुम्हाला चालेल. रिपीटर नाही. टोन माहीत आहे. शेवटचे आकडे "२५" आहेत, तिकडे नीट बघा. ५ किलोहर्ट्झच्या पायरीवर चालणारे जुने स्कॅनर याचं १५५.७५० किंवा १५५.७५५ करून टाकतात, अडीच किलोहर्ट्झची चूक, आणि नॅरोमध्ये तेवढ्यानेही आवाज खरवडतो. भरल्यावर पडद्यावरचा आकडा परत वाचायची सवय लावा. बरं, हे सगळं अचूक केलंत तरी हे चॅनल महिनोन् महिने गप्प असू शकतं. मोठ्या घटनेलाच ते वापरतात. "नोंद आहे" आणि "रोज बोलतात" यांत फरक आहे.

८६६चं कोडं: तुमच्या स्कॅनरचा पल्ला २५–५४, १०८–१७४, २२५–३८० आणि ४००–५१२. ८०० त्यात नाहीच. असता तरी तो आकडा आता मेला आहे. २००४मध्ये एफसीसीने (अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था) ८००च्या पट्ट्याची फेरमांडणी ठरवली आणि ८६६–८६९ मधली आणीबाणी सेवांची चॅनलं बरोब्बर १५ मेगाहर्ट्झ खाली गेली. ८६६.०१२५ ची ८५१.०१२५ झाली. जुन्या यादीतलं ते अख्खं प्रकरण पेन्सिलीने काट मारून टाका.

---

गार्डाचा डबा

रेल्वेचं सोपं आहे. अमेरिकन रेल्वेची चॅनलं १५ किलोहर्ट्झच्या अंतरावर आहेत. ७ ते ९७ क्रमांकांसाठी हिशेब: १६०.११० + (चॅनल × ०.०१५). ५४ गुणिले ०.०१५ म्हणजे ०.८१०, म्हणून १६०.९२०. ही अॅमट्रॅकच्या नॉर्थईस्ट कॉरिडॉरची फ्रिक्वेन्सी. तुमच्या मेट्रोपार्क स्टेशनवरून जाणाऱ्या न्यू जर्सी ट्रान्झिटच्या गाड्याही त्याच रुळांवर, त्याच नियंत्रकांच्या हाताखाली धावतात.

"५४-५४" मधला पहिला आकडा प्रक्षेपणाचा, दुसरा ग्रहणाचा. दोन्ही सारखे म्हणजे एकच फ्रिक्वेन्सी पुरते. दोन वेगळे आकडे दिसले तर दोन्ही भरा, नाहीतर संभाषणाची एकच बाजू ऐकू येते.

ट्रेनसाठी डिले २ सेकंद ठेवा. विचारणं आणि उत्तर यांत पॉज असतो, शून्य ठेवलात तर स्कॅनर प्रश्न ऐकून पुढे पळतो.

मालगाडी येतेय का हे बघायचं तर ४५७.९३७५ वर लक्ष ठेवा. शेवटच्या डब्याला लावलेलं यंत्र ब्रेकच्या नळीतला दाब इंजिनाला डेटाने कळवतं. ऐकायला नुसती "चिर्र", पण ती आली की गाडी जवळ आहे. प्रवासी गाड्यांना ते यंत्र नसतं, तेव्हा कॉरिडॉरवर त्याची वाट बघू नका.

विमानांचं: मोड एएम. टॉवरवाला न ऐकू येणं हा दोष नाही, टॉवर जमिनीवर आहे आणि मध्ये इमारती आहेत. विमान हवेत, म्हणून ते येतं. खिडकीशी उंच अँटेना लावा. पाव लहर म्हणजे ७५ भागिले मेगाहर्ट्झ, येणारे मीटर गुणिले ०.९५. ११८.३०० साठी तार साधारण ६० सेंटीमीटर, १६०.९२० साठी ४४. तुमची डब्यातली रबरी अँटेना दोन्हींना आखूड आहे.

---

एडिसनकर

@खरखर, मोडनुसार चाळली, चाळीसपैकी अकराच उरल्या. @गार्डाचा डबा, १६०.९२० लगेच लागलं, आभार. आता दोन गोष्टी. "डीईसी/हेक्स" राहिलंच. आणि उरलेल्या अकरांपैकी चार दोन्ही याद्यांत आहेत, तरी गप्प. त्या जिवंत आहेत की नाहीत हे घरबसल्या कळतं का?

---

परवाना_बघा

डीईसी/हेक्स हे टॉकग्रुपचे, म्हणजे आपसांत बोलणाऱ्या गटांचे, क्रमांक. ट्रंकिंग यंत्रणेत पाच-दहा फ्रिक्वेन्सी सगळ्या विभागांत मिळून वापरतात. कंट्रोल चॅनलवर सतत डेटा चालू असतो आणि तोच सांगतो की अमुक टॉकग्रुप आता अमुक फ्रिक्वेन्सीवर बोलणार. म्हणून टॉकग्रुपला स्वतःची फ्रिक्वेन्सी नसते. डीईसी आणि हेक्स हा एकच आकडा दोन पद्धतींत लिहिलेला: हेक्स १ए२एफ म्हणजे दशमान ६७०३. दोन्ही भरायचे नसतात. तुमच्या स्कॅनरवर ट्रंकिंग चालत नाही, तेव्हा ते रकाने सोडून द्या.

पुढे डिजिटल स्कॅनर घ्यायचा विचार असेल तर आधी टॉकग्रुपच्या मोडमधली अक्षरं वाचा, मगच पैसे मोजा. "डी" म्हणजे डिजिटल, "टी" म्हणजे टीडीएमए, एकाच चॅनलवर वेळेचे तुकडे पाडून दोन संभाषणं (यासाठी पी२५चा फेज २ समजणारा स्कॅनर लागतो). मागे मोठा "ई" असेल तर पूर्ण एन्क्रिप्टेड (सांकेतिक, बाहेरच्याला न कळणारं), लहान "ई" म्हणजे कधी असतं कधी नसतं. मोठ्या "ई"पुढे कुठलाही स्कॅनर चालत नाही. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३पासून टप्प्याटप्प्याने एन्क्रिप्शन आणलं आहे, तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या यादीवर भरवसा ठेवून महागडा स्कॅनर घेऊ नका. ट्रंकिंगच्या साइटच्या ओळीत लाल आकडा मुख्य कंट्रोल चॅनल, निळा पर्यायी. साइटच्या वर्णनात "सायमलकास्ट" लिहिलं असेल तर आणखी सावध. अनेक मनोरे एकाच फ्रिक्वेन्सीवर एकदम बोलतात, त्यांचे सिग्नल थोडे मागेपुढे पोहोचतात, आणि साध्या डिजिटल स्कॅनरवर शब्द तुटतात. तिथे मोठी अँटेना लावली तर उलट बिघडतं. एकाच मनोऱ्याकडे तोंड केलेली यागी (एकाच दिशेने ऐकणारी अँटेना), नाहीतर आय/क्यू पद्धतीचा रिसीव्हर (एसडीएस१०० वगैरे), हेच उपाय.

आता चार गप्प फ्रिक्वेन्सी. यादीत परवान्याचा कॉलसाइन (ओळखीचा कोड) असतो, तो एफसीसीच्या परवाना-शोधात टाका. तीन गोष्टी बघायच्या.

मुदत: परवाना दहा वर्षांचा. "एक्स्पायर्ड" किंवा "कॅन्सल्ड" असेल तर विषय संपला.

स्टेशनचा वर्ग: एफबी२ रिपीटर, एफबी८ ट्रंकिंगचा रिपीटर, एमओ फिरते सेट, एफएक्स१ स्थिर कंट्रोल स्टेशन. एफबी८ दिसलं तर तुमच्यासाठी बाद.

एमिशन (प्रक्षेपणाच्या प्रकाराचा कोड): खरी माहिती इथे असते आणि नेमकी हीच कोणी वाचत नाही. ११के२एफ३ई म्हणजे नॅरो अॅनालॉग आवाज. ८के१०एफ१ई म्हणजे पी२५. ७के६०एफएक्सई म्हणजे डीएमआर. २०के०एफ३ई असेल तर नॅरोबँडिंगच्या आधीचा वाइड अॅनालॉग. एकाच फ्रिक्वेन्सीपुढे अॅनालॉग आणि पी२५ दोन्ही असतील तर ते बहुधा डिजिटलकडे सरकले आहेत किंवा सरकण्याच्या तयारीत आहेत. मात्र परवाना म्हणजे परवानगी, वापर नव्हे. बंद पडलेल्या रिपीटरचाही परवाना चालू असतो.

घरबसल्या म्हणालात म्हणून एवढं. यापुढची तपासणी कानानेच. ते चारच एका वेगळ्या बँकेत (स्कॅनरमधल्या चॅनलांच्या गटात) टाका, टोन काढा, बाकी नऊ बँका बंद करा आणि आठवडाभर सकाळी ७ ते ९ चालू ठेवा. शाळेच्या बसेस, रस्ते विभाग, पाणीपुरवठा ही मंडळी त्याच वेळेला बोलतात. चाळीस चॅनलांत चार गप्प चॅनलं शोधणं म्हणजे नुसतं नशीब.

@खरखर, एक भर: पीएल आणि डीपीएल ही एका कंपनीची व्यापारी नावं आहेत. इतर याद्यांत त्याच गोष्टीला "टीएसक्यूएल" किंवा "सीटी" लिहिलेलं सापडेल, गोंधळू नका.

---

पेठेतला_बिनतारी

धागा पुण्यातून वाचतोय. अशी यादी आणि स्कॅनर इथे वापरता येईल का? पुढच्या महिन्यात भाऊ तिकडून येतोय, त्याला एक आणायला सांगणार होतो.

---

खरखर

सांगू नका. भारतात स्कॅनरसारखं नुसतं ऐकण्याचं यंत्र बाळगायलाही परवाना लागतो. १९३३चा बिनतारी तारायंत्र कायदा तेच म्हणत आला आणि २०२३च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगायला अधिकृत मंजुरी लागते. अमेरिकेतली मुभा बॅगेबरोबर प्रवास करत नाही. कायदेशीर वाट हवी असेल तर हॅमची (हौशी रेडिओची) परीक्षा द्या, परवाना काढा, आणि १४४–१४६ मध्ये मनसोक्त ऐका. अवकाश स्थानकाचं १४५.८०० त्यातच येतं.

@एडिसनकर, तुम्हालाही त्याच जातीचं एक. हडसनपलीकडे न्यूयॉर्क राज्यात पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी पकडणारा रिसीव्हर गाडीत बसवायला परमिट लागतं, हॅम परवानाधारकांना सूट आहे. आणि ऐकलेलं दुसऱ्याला सांगणं किंवा त्यातून फायदा उठवणं यावर अमेरिकेच्या केंद्रीय कम्युनिकेशन्स कायद्याचं कलम ७०५ आहे. ट्रेन, विमानं, हवामान यांची एक वेगळी बँक करून ठेवा. मात्र न्यूयॉर्कमध्ये गाडीत तेवढीच चालू ठेवली म्हणून परमिटमधून सुटका होत नाही.

---

एडिसनकर

बँक १ हवामान, २ रेल्वे, ३ विमानं, ४ मध्ये चार संशयित. चारांपैकी दोघांचे परवाने "एक्स्पायर्ड" निघाले, तिसऱ्यापुढे फक्त ८के१०एफ१ई आहे. चौथा ११के२एफ३ई, मुदत चालू. सोमवारी सातला लावतो.