मुसलमानांच्या मनातली ख्रिस्त्यांची प्रतिमा: क्रूसयुद्धांतून आली की इंग्रजी राज्यातून?

खुलताबादकर: क्रूसयुद्धांमुळे, म्हणजे जेरुसलेमसाठी युरोपच्या ख्रिस्ती फौजांनी केलेल्या लढायांमुळे, मुसलमान ख्रिस्त्यांकडे संशयाने बघतात, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. 1099 मध्ये जेरुसलेम गेलं, 1187 मध्ये सलाहुद्दीनने परत घेतलं. खरा घाव बसला तो 1258 मध्ये, मंगोलांनी खलिफाची राजधानी बगदाद बुडवलं तेव्हा. क्रूसयुद्धांचा पहिला स्वतंत्र अरबी इतिहास छापला गेला 1899 मध्ये, कैरोत. त्या वेळी इजिप्त इंग्रजांच्या टाचेखाली होता, अल्जीरिया फ्रेंचांच्या. चालू राग मांडायला जुनी लढाई हाताशी आली.

बीडचा मास्तर: साफ चूक. इजिप्तच्या सुलतान बैबर्सने फिरंग्यांचे, म्हणजे क्रूसवाल्यांचे, किल्ले कसे घेतले, याचे किस्से कैरो-दमास्कसच्या कॉफीखान्यांत पिढ्यानपिढ्या रंगायचे. ही आठवण पुस्तकावर अवलंबून नव्हतीच. आणि दख्खनच्या माणसाने जेरुसलेमपर्यंत जायची गरज काय? 1502 मध्ये वास्को द गामाने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं. पुढे समुद्रावर पोर्तुगिजांचा कार्ताझ, म्हणजे परवाना, घ्यावा लागे आणि त्यावर मेरी-येशूची चित्रं असत. असा कागद जवळ बाळगून हजला जावं का, यावर अकबराच्या काळात उलेमांत वाद झाला. हजहून सुरतेकडे परतणारं गंज-ए-सवाई हे मुघल जहाज 1695 मध्ये इंग्रज चाच्याने लुटलं. तेव्हा औरंगजेबाने सुरतेच्या इंग्रजांना त्यांच्याच वखारीत कोंडलं. हजच्या वाटेवर हात पडला की ते घराघरात पोचतं.

जालनेकर: मास्तर, मग आपल्याकडचं बेथेल कुठं बसवता? जालन्याजवळचं हे ख्रिस्ती गाव नारायण शेषाद्रींनी वसवलं, जमीन दिली निजामाचे दिवाण सालारजंग यांनी. मुसलमान राज्यात मिशनला जमीन! इथला ख्रिस्ती म्हणजे बहुतेक गावकुसाबाहेरून आलेला, मराठी बोलणारा माणूस. मोंढ्यात, दवाखान्यात रोज भेटतो. त्याच्यात पोर्तुगीज कोण शोधणार? कुराणातही दोन्ही आहे: 5:82 मध्ये ख्रिस्ती हे मैत्रीत सर्वांत जवळचे, 5:51 मध्ये त्यांना पाठीराखे करू नका. कोणती आयत पुढे येते, ते त्या त्या वेळच्या राजकारणावर ठरतं.

बीडचा मास्तर: सालारजंगांच्या डोक्यावर इंग्रज रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, बसला होता, हे कसं विसरता? 1857 मध्ये औरंगाबादच्या छावणीतलं घोडदळ बिथरलं आणि जुलैमध्ये हैदराबादेत रेसिडेन्सीवर, म्हणजे त्याच्या कचेरीवर, चाल झाली. मिशनरी आणि रेसिडेंट एकाच सरकारचे, असंच लोकांना दिसत होतं.

खुलताबादकर: म्हणजे माझंच म्हणणं झालं: दुखणं साम्राज्याचं. प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेच्या 2011 च्या सर्वेक्षणात लेबनॉनमधल्या दहापैकी नऊहून अधिक मुसलमानांचं ख्रिस्त्यांबद्दल मत चांगलं निघालं. तुर्कस्तानात दहात एकाचंही नाही. क्रूसयुद्धं तर लेबनॉनच्याच किनाऱ्यावर झाली! तुर्कांच्या मनात 1919 ला इझमीरमध्ये उतरलेली ग्रीक फौज आहे, त्यांच्या साम्राज्याचे तुकडे पाडणारा 1920 चा सेव्हरचा तह आहे.

हिंगोली वाचनकट्टा: लेबनॉनमध्ये ख्रिस्ती शेजारी भरपूर, तुर्कस्तानात उरलेच किती? हे कारणही धरा. शिवाय अशा पाहणीत एकच प्रश्न असला की घोळ होतो, कारण "ख्रिस्ती" म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर अमेरिकन फौज येते, कुणाच्या मिशनरी, तर कुणाच्या शेजारी. तीन प्रश्न वेगळे करा आणि शेजाऱ्याचा आधी विचारा. फौजेचा आधी घेतला, तर पुढची उत्तरं त्या रागातच येतात.

बीडचा मास्तर: वेगळे विचारा, हरकत नाही. पण बुशने 16 सप्टेंबर 2001 ला स्वतःच्या तोंडाने आपल्या दहशतवादाविरुद्धच्या लढाईला "क्रूसेड", म्हणजे क्रूसयुद्ध, म्हटलं. फौज आणि धर्म त्यानेच एकत्र बांधले. ऐकणाऱ्याने ते सोडवायचे कसे?