प्रतिसाद: लेन्स विकायची घाई नको
खटावच्या येरळवाडी तलावावर १५०-६०० एमएमच्या झूम लेन्सने काढलेले तुमचे पहिलेच रोहित (फ्लेमिंगो) धूसर आले, म्हणून लेन्स विकायला काढू नका. फोटो भर दुपारचे दिसतायत. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि ६०० एमएमला ती थरथर पिसापिसात उतरते. त्यावर महागड्या लेन्सचाही इलाज नाही. उजाडताना जा. शटरचा वेग बसलेल्या पक्ष्याला १/१००० सेकंद, उडत्याला १/२००० पेक्षा वेगवान, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ऑटोवर. नॉइज, म्हणजे फोटोत दाणे, आला तर येऊ दे, हललेला फोटो मात्र सुधारत नाही. सुरुवात काठावरच्या वंचक बगळ्यापासून करा. बिचारा बराच वेळ जागचा हलत नाही. फोकस थेट त्याच्या पिवळ्या डोळ्यावर. आणि रोहितांमागे चिखलात शिरू नका हो, त्यांच्या माना वर झाल्या की तिथंच थांबायचं.