हंटर आयोगापुढचं फुल्यांचं निवेदन बघा

लोकांना आपलं म्हणणं पटवायचं तर आधी भावनेला हात घाला, आकडे मागाहून, असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेलं निवेदन काढून वाचा. सुरुवातीलाच ते सांगतात की पुण्यात आपण मुलींसाठी शाळा काढली, बरीच वर्षं स्वतः शिकवलं. बोलणारा अनुभवातून बोलतोय, हे आधी पक्कं होतं. ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल वक्त्याची विश्वासार्हता म्हणतो ती हीच.

मग हिशोब. शिक्षणासाठी वेगळा कर घेता, तो त्यावर खर्च होत नाही. मुंबई इलाख्यातल्या जवळपास नऊ-दशांश गावांत, म्हणजे सुमारे १० लाख मुलांना, शिकायची सोयच नाही. मागणीही नेमकी: किमान १२ वर्षं वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा.

आणि तिजोरी रयतेच्या घामाने भरते, हा त्यांचा मुद्दा भावनेचा की तर्काचा? मला तो वेगळा काढताच येत नाही. घाम काळजाला भिडतो, आणि युक्तिवादही त्यातच आहे: पैसा ज्याचा, शाळा त्याच्या पोराला. सरकारी आयोगापुढे नुसता हुंदका टिकला नसता.