पोहून आल्यावर केसांत आणि कपड्यांत राहणारा क्लोरीनचा वास: आपापले अनुभव

गेली नऊ वर्षे मी आठवड्यातून चार दिवस पोहतो. साबण लावून अंघोळ केली, दोनदा शांपू केला, धुतलेले कपडे घातले, तरी दुपारी कपाळावर घाम आला की केसांतून तलावाचा तो उग्र वास पुन्हा जाणवू लागतो, हा त्रास माझ्याप्रमाणेच अनेकांना होत असणार. ज्यांना एखादा उपाय खरोखर लागू पडला असेल त्यांनी तो प्रमाणासकट लिहावा आणि जो करून फसला तोही लिहावा, अशी विनंती आहे. सुरुवात मीच करतो.

माझी चूक अशी होती की मी सगळा भर पोहून झाल्यानंतरच्या धुण्यावर देत होतो. कोरडे केस पाणी शोषून घेतात, आणि पहिले पाणी तलावाचे असेल तर तेच त्यांच्यात मुरते, ही साधी गोष्ट मला फार उशिरा उमगली. आता तलावात उतरण्यापूर्वी शॉवरखाली उभा राहून साध्या पाण्याने केस मुळापर्यंत चिंब भिजवतो आणि मगच टोपी घालतो. टोपीच्या आत पाणी शिरतेच, पण आधीच पाणी प्यायलेल्या केसांत ते कमी मुरते. मी एक आठवडा केस भिजवून आणि एक आठवडा न भिजवता पोहून पाहिले. न भिजवलेल्या आठवड्यात उशीच्या अभ्र्यालासुद्धा वास लागला होता.

*

माझी दोन्ही मुले पोहायला जातात, त्यामुळे कपड्यांबद्दल लिहिते. पहिल्या वर्षी दोघांचे कॉश्च्यूम ओल्या टॉवेलात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घरी येत आणि संध्याकाळपर्यंत तसेच पडून राहत. पिशवी उघडली की क्लोरीन आणि कुबटपणा यांचा असा मिश्र वास येई की कपडा चार वेळा धुऊनही तो जात नसे. मग मी गरम पाणी वापरले, वॉशिंग मशीन वापरले, आणि एकदा तर वास घालवण्यासाठी चक्क ब्लीच वापरले, जे मुळात क्लोरीनचेच संयुग आहे हे तेव्हा माझ्या लक्षातच आले नाही. तीन महिन्यांत मुलीचा कॉश्च्यूम मागच्या बाजूला विरला. खिडकीसमोर धरला तर आरपार उजेड दिसत होता आणि शिवणीजवळ रबरासारखे बारीक पांढरे धागे सुटून वर आले होते. ते धागे स्पँडेक्सचे होते. कपड्याला ताण देणारा हाच धागा क्लोरीनने सर्वांत आधी खराब होतो आणि उष्णतेने तो आणखी लवकर जातो.

आता आमचा क्रम ठरलेला आहे. तलावावरून निघण्यापूर्वी मुले स्वतःच नळाखाली कपडे खळबळून घेतात; माझ्या मते निम्मे काम तिथेच होते. घरी आल्यावर १ लिटर थंड पाण्यात पाव चमचा, म्हणजे साधारण १ ग्रॅम, क जीवनसत्त्वाची पूड विरघळवून त्यात कपडे दहा मिनिटे बुडवून ठेवते, मग सौम्य साबणाने हाताने धुते. पिळत नाही; टॉवेलात गुंडाळून दाबते आणि सावलीत, वारा लागेल अशा जागी वाळत घालते. फॅब्रिक सॉफ्टनर पूर्ण बंद केले आहे. नवे कपडे घेताना स्पँडेक्स नसलेले, पॉलिएस्टर आणि पीबीटी या धाग्यांचे घेतले. ते अंगाला थोडे ताठ लागतात, पण दुसऱ्या वर्षीही टिकून आहेत.

*

मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून वरच्या उपायामागचे कारण सांगते. ज्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो तो बहुतांशी क्लोरामाइनांचा असतो. पाण्यातल्या क्लोरीनची घाम, लघवी आणि त्वचेवरची द्रव्ये यांतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी अभिक्रिया होऊन ही संयुगे बनतात. केस आणि त्वचा ही प्रथिनेच असल्यामुळे क्लोरीन त्यांनाही चिकटतो, आणि म्हणूनच नुसत्या पाण्याने किंवा सुगंधी शांपूने तो पुरता निघत नाही. शांपूचा सुगंध वासावर पांघरूण घालतो, इतकेच. क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, मात्र क्लोरीनचे रूपांतर वास नसलेल्या क्लोराइडमध्ये करते. १ मिलिग्रॅम क्लोरीनला सुमारे २.५ मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल लागते, आणि तलावाच्या पाण्यात दर लिटरला साधारण १ ते ३ मिलिग्रॅमच मुक्त, म्हणजे अजून कशाशी जोडला न गेलेला, क्लोरीन ठेवलेला असतो. त्यामुळे पाव चमचा पूड गरजेपेक्षा पुष्कळच जास्त आहे, मूठभर टाकण्याचे काहीच कारण नाही. द्रावण दर वेळी ताजे करावे, कारण हवेमुळे त्याचा जोर उतरतो. केसांवर ते ओतून दोन मिनिटांनी शांपू करावा आणि डोळ्यांत जाऊ देऊ नये, चांगलेच झोंबते. केस रंगवलेले असतील तर मात्र जपून. माझ्या बहिणीच्या केसांचा रंग महिन्याभरात फिका पडला.

एक गोष्ट कळकळीने सांगते. वासासाठी काही जण व्हिनेगर वापरतात. ते ब्लीचसोबत एकाच बादलीत कधीही घालू नये. त्या मिश्रणातून विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

*

माझे केस पांढरे आहेत आणि दोन महिन्यांच्या पोहण्यानंतर त्यांवर हिरवट झाक आली. दोष मी क्लोरीनला देत होतो, पण ती झाक पाण्यातल्या तांब्याची असते. शेवाळ मारण्याच्या काही औषधांतून किंवा तांब्याच्या नळांतून ते पाण्यात येते. धातू धरून काढणारा, ईडीटीए असलेला शांपू आठवड्यातून एकदा लावल्यावर ती गेली. तो रोज लावला तेव्हा केस राठ झाले.

*

तलावाची देखभाल हेच माझे काम आहे, त्यामुळे माझा अनुभव उलट बाजूचा आहे. वास उग्र आला की लोक येऊन सांगतात, आज क्लोरीन जास्त पडला आहे. बहुतेक वेळा गोष्ट वेगळीच असते: मुक्त क्लोरीन खर्ची पडून क्लोरामाइने साठलेली असतात, आणि ती मोडण्यासाठी आम्हाला क्लोरीन आणखी घालावा लागतो, क्लोरामाइनांत बांधल्या गेलेल्या क्लोरीनच्या सुमारे दहापट. छताखालच्या तलावांत यांपैकीच ट्रायक्लोरामाइन हे संयुग पाण्यातून हवेत येऊन साचते आणि डोळे व घसा त्यानेच चुरचुरतात. पाण्याचा सामू (पीएच) ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवणे आणि हवा खेळती ठेवणे आमच्या हातात आहे. पण उतरण्यापूर्वी एक मिनिटभर शॉवरखाली अंग चोळून धुणे पोहणाऱ्यांच्याच हातात आहे, आणि ज्या दिवशी सकाळची तुकडी ते मनापासून करते त्या दिवशी दुपारपर्यंतच्या हवेत मला फरक जाणवतो.

*

माझे केस कुरळे आणि कंबरेपर्यंत लांब आहेत. भिजवलेल्या केसांना टोकांपासून वर थोडा कंडिशनर लावून, सैल वेणी घालून वर टोपी घालते. कंडिशनर पाण्यात उतरू नये म्हणून टोपी कानांवरून नीट ओढून घेते. वरचे सगळे उपाय करूनही वास राहतो असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. शेवटी एकेक वस्तू नाकाशी धरून पाहिली, तेव्हा केस स्वच्छ निघाले, कॉश्च्यूमही स्वच्छ निघाला. वास टॉवेलाला होता. पोहून आल्यावर त्याच टॉवेलाने मी अंग पुसत होते, आणि अंघोळीनंतर धुतलेले केसही त्यातच गुंडाळत होते. आता दोन टॉवेल ठेवते.